सिस्टर जाऊ द्यायच्या न्हाईत

माझी बदली झाली त्या दिवशी मी दवाखानाभर पेढे वाटले. बाळंतिणींना, त्यांच्या सासवांना, बाहेर लिंबाखाली बसणाऱ्या रिक्षावाल्यांनासुद्धा. कसली घाई झाली होती माझ्या जिवाला कुणास ठाऊक. सरकारी नोकरीत केस पांढरे व्हायला आलेल्या बाईनं हुकूम हातात पडल्या पडल्या पेढे वाटायचे नसतात, एवढी तरी अक्कल मला असायला पाहिजे होती.

मी सोनपेठच्या बाजूला, गोदाकाठच्या एका मोठ्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स होते. बदली मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, देवगाव फाट्याकडच्या दवाखान्यात. दोन्ही दवाखान्यांची नावं मी सांगत नाही. सांगून तरी काय होणार, आमच्याकडं कुठलंही नाव टाका, बसतं. त्या दुसऱ्या दवाखान्यापासून माझं माहेर जवळ, आणि माहेर म्हणजे माझी माय. दुसरं कुणी उरलं नव्हतं. भाऊ पुण्याकडं कंपनीत, तो जयंतीला आणि दिवाळीला तोंड दाखवणार. माझ्या संसाराचं काय झालं तो विषय इथं नको.

मायचं हृदय वाढलं होतं. पायावर सूज, जरा चाललं की दम. जन्मभर लोकांच्या रानात खुरपून तिनं मला नर्सिंगला घातलं. आमच्या वस्तीतली पहिली नर्स मी. कुणी नवं भेटलं की ती आधी "मी नर्सची माय" म्हणायची आणि मग स्वतःचं नाव सांगायची. तिला मी माझ्याकडं आणलं नव्हतं असं नाही. आणलं होतं. क्वार्टरला गळती, नळाला पाणी नाही, मी ड्युटीवर आणि ती दिवसभर भिंतीकडं बघत बसलेली. "हितं बोलायला पालीबिगर कुणी न्हाई गं," म्हणाली आणि पिशवी भरून आपल्या घरी निघून गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, मायजवळची बदली. त्यासाठी मी कुणाकुणाच्या दारात ताटकळले ते विचारू नका.

पण बदलीचा हुकूम निघाला म्हणून माणूस निघत नाही. साहेबानं कार्यमुक्त करावं लागतं, म्हणजे सोडावं लागतं. आणि आपल्या जागेवर दुसरी येऊन हजर झाल्याशिवाय साहेब सोडत नाही. त्या दुसरीला आमच्यात रिलिव्हर म्हणतात. लग्नाच्या पोरीचा बाप स्थळाची वाट बघतो ना, तशी आम्ही रिलिव्हरची वाट बघतो. तिकडं त्या दुसऱ्या दवाखान्यात माझ्या नावानं जागा भरली गेली. कागदावर. त्यामुळं तिथं दुसरी कुणी देईनात. म्हणजे इथली जागा मी अडवलेली, तिथलीही मीच अडवलेली, आणि मी आपली बसलेय इथं गोदाकाठी मच्छर मारत.

आमच्या दवाखान्यात नर्स किती पाहिजेत ते दर्शनी भिंतीवर रंगवलेलं होतं. रंग झकास होता. प्रत्यक्षात एक कायमची आजारपणाच्या रजेवर, एक पगाराला आमच्याकडं आणि कामाला जिल्ह्याला, एक कंत्राटी होती ती कंत्राट संपल्यावर गेली. राहिलो दोघी. एकीनं सोडलं की दुसरीनं धरायचं. बाळंतपण मीच, वॉर्ड मीच, विंचू चावलेला मीच, कुत्रं चावलेला मीच. डॉक्टर भले माणूस, पण तेही एकटे. ते पोस्टमॉर्टेमला गेले की सगळा दवाखाना माझ्या पदराला बांधलेला.

आणि हाका! "सिस्टर, सलाईन संपली. सिस्टर, पोट दुखायलंय. सिस्टर, डॉक्टर कवा येतेत. सिस्टर, पंखा बंद पडला." पंखा सुद्धा मीच फिरवायचा. संध्याकाळी मायला फोन लावला की मी सगळी वाफ तिच्यावर काढायचे. "माय, दोन हातांची बाई मी, कुठं कुठं पुरू? आत बाळंतीण अडलेली असते आणि बाहेर ह्यांचं चालू, सिस्टर सिस्टर सिस्टर. जीव खातात नुसता. माणसाला जरा दम धरवत नाही का?"

माय सगळं ऐकून घ्यायची. मध्ये बोलायची नाही. शेवटी म्हणायची, "हाव माय. समजून घ्यावं माणसानं. एकली बाई किती करील." आणि मग तिचा तो नेहमीचा सवाल, "सोडलं का गं तुला?"

"नाही अजून."

"सोडतील. फिकीर करू नको."

फिकीर तिनं करायची होती आणि समजूत माझी घालत होती.

असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस डॉक्टर हसत हसत वॉर्डात आले. नवी नर्स मिळाली होती. पोरगी बापाला घेऊन आधी गाव बघायला येणार होती, पसंत पडलं तर हजर होणार. झालं, आमच्या दवाखान्यात लगीनघाई सुरू झाली. मावशीनं, म्हणजे आमच्याकडं ठेकेदाराकडून लावलेल्या झाडलोटीच्या बाईनं, क्वार्टर धुऊन काढलं. टँकर बोलावून टाकी भरली, म्हणजे नळ सोडला की पाणी पडावं. गळतीच्या खाली कपाट सरकवलं. डॉक्टरांनी कधी नव्हे तो इस्त्रीचा ॲप्रन घातला. मी मावशीला बजावलं, "पोरीनं काही विचारलं तर तोंडातून खरं काढायचं नाही. हसायचं नुसतं."

"आन् साप निघतेत का म्हनली तर?"

"नागोबाचं ठाणं आहे म्हण. पुण्य लागतं."

पोरगी आली. लहानखुरी, नांदेडकडची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. बाप गप्प, पण सगळीकडं बारीक नजर फिरवणारा. आम्ही त्यांना पोहे, चहा, वर केळी दिली. मी पोरीला लेबर रूम दाखवली, तेव्हा तिचे डोळे चमकले. तेवढ्यात एक बाळंतीण आलीच. पोरीनं न सांगता हात धुतले, ग्लोव्हज चढवले आणि माझ्या शेजारी उभी राहिली. हात हलका होता तिचा. बाळ रडलं तेव्हा ती पण जराशी रडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. चांगल्या हातात देऊन चालले, असं वाटलं. तो आनंद खोटा नव्हता, आजही मी तो खोटा म्हणणार नाही.

ती हजर झाली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, सोमवारी तुम्हाला सोडतो." मी मायला फोन केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, "चूल सारवून ठेवते." गॅस होता घरात, तरी चूल सारवणार होती. मी म्हटलं, "दम लागेल, गप बस." ती म्हणाली, "लागू दे लागला तर."

आता ऐका. गावात अप्पा म्हणून एक किराणा दुकानदार होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं गोड आणि आवाज ढोलासारखा. त्यांच्या नातीचं बाळंतपण मी केलं होतं. बाळ निळं पडलेलं, रडेना. मी त्याला श्वास देऊन देऊन आणलं. तेव्हापासून अप्पा माझ्यावरून जीव ओवाळायला तयार. माझी बदली झाली हे त्यांना पेढ्यापासून माहीत होतं, पण सरकारी काम म्हणून ते निर्धास्त होते. सोमवारी जाणार म्हटल्यावर मात्र बिथरले. दवाखान्यात आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुमी जायच्या न्हाईत."

मी सांगितलं, "अप्पा, माझी माय आजारी आहे. तिला कुणी नाही. आणि नवी सिस्टर चांगली आहे, मी स्वतः बघितलंय."

"ती पोरगी? चार दिसात पळून जाती. अशा लय पाह्यल्या आमी. तुमच्या मायला हिकडं आना. माझ्या माडीवरची खोली देतो. गावाची माय म्हनून सांभाळू, कामून एवढी फिकीर करताव?"

हे ते मनापासून बोलत होते. तेच तर वाईट. कुणी दुष्टपणानं अडवलं असतं तर मी त्याची आई-माई काढून मोकळी झाले असते. मी म्हटलं, ती घर सोडत नाही अप्पा. त्यावर ते मान हलवून निघून गेले. मला वाटलं, समजले.

सोमवारी सकाळी मी पेटी भरून बसले आणि मावशी पळत आली. "बाई, रोडवर चला. गाव बसलंय."

गावाबाहेरच्या फाट्यावर सगळं गाव खरंच रस्त्यावर बसलं होतं. माझ्या हातावर जन्मलेली लेकरं मांडीवर घेऊन बाया पुढं, मागं बापे. एसट्या दोन्हीकडून अडकलेल्या. लिंबाला फ्लेक्स बांधलेला, त्याच्यावर माझा कुठल्याशा लसीकरणातला फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरात, सिस्टर जाऊ द्यायच्या न्हाईत. अप्पांनी मला ओढून पुढं नेलं, सगळ्यांसमोर खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मी ओरडून सांगत होते, "अहो, मला जाऊ द्या, माझी माय वाट बघतेय," आणि लोकांना वाटत होतं सिस्टर गहिवरल्या. बाया डोळे पुसायला लागल्या. मी रडत होते ते रागानं, पण रडणं सगळ्यांचं सारखंच दिसतं.

जिल्ह्याहून एक साहेब आले. निवेदन घेतलं, दोन-चार फोन केले. लोकांच्या भावना लक्षात घेऊन माझं सोडणं पुढच्या आदेशापर्यंत थांबवलं, असं त्यांनी जीपजवळ उभं राहून जाहीर केलं. अप्पांना लोकांनी खांद्यावर घेतलं. एसट्या सुटल्या. मी शाल पांघरून दवाखान्यात परत आले आणि एका पोराचं ड्रेसिंग केलं, कारण ते सकाळपासून खोळंबलं होतं.

पुढची गंमत तर आणखीच. मी राहिले म्हटल्यावर माझ्याच जागेवर आलेली नवी पोरगी कागदावर जास्तीची झाली. आठवडा व्हायच्या आत तिला दुसरीकडं पाठवलं. रस्त्यावर बसून गावानं मिळवलं काय, तर होतं तेच. मी अप्पांच्या दुकानात मुद्दाम गेले सांगायला. ते तराजूत साखर तोलत होते.

"म्हंजी दोघी राहत न्हाईत?"

"नाही अप्पा."

"आमाला वाटलं तुमी बी राहतालाव आन् ती बी."

"तसं नसतं."

ते तराजू तसाच धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई का, सिस्टर." घ्या! मी काय सांगायचं बाकी ठेवलं होतं?

मायला हे सगळं कसं सांगू, ह्याच घोरात मी होते. तिला आधीच कळलं होतं. वस्तीतल्या कुणीतरी मोबाइलवर त्या दिवशीचा रस्त्यावरचा व्हिडिओ दाखवला. मी फोन लावला तर बाई आनंदानं फुललेली. "माझ्या लेकीसाठी गाव रोडवर बसलं गं! दुकानदारानं शाल घातली!" तिच्या तरुणपणी आमच्या गावातला दुकानदार तिच्या हातात सामान वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. ते मीठ मातीत सांडलं की ती वेचून घ्यायची. आता एका दुकानदारानं भर रस्त्यात तिच्या पोरीच्या खांद्यावर शाल टाकली, तिच्यापुढं हात जोडले. तो व्हिडिओ ती ज्याला त्याला दाखवायला सांगत होती.

मी म्हटलं, "माय, मला अडवलंय त्यांनी. कळतंय का तुला?"

"कळतंय. ऱ्हा तितं. एवढी इज्जत कुनाला मिळती? मी काय आज मरायले?"

मी फोन आपटला. तिचा अभिमान मला दिसत होता, आणि तिचा दम पण ऐकू येत होता. दर वाक्याला थांबत होती ती. ऊर भरून आला होता माझा आणि त्याच वेळी सगळं जग पेटवून द्यावं असं वाटत होतं.

त्यानंतर पावसाळा उलटला. एका सकाळी शेजारच्या वहिनीचा फोन आला, मायला दवाखान्यात भरती केलं. कुठल्या? त्याच. फाट्याकडच्या, माझी बदली झालेल्या. त्या दिवशी आमच्याकडं कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा कॅम्प होता. गावोगावच्या बाया उपाशीपोटी येऊन बसलेल्या, बाहेरून सर्जन आलेले, आणि माझ्या जोडीची सिस्टर रजेवर. मी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "सिस्टर, ह्या बाया तशाच परत पाठवू का? दुपारपर्यंत उरकू आणि मी स्वतः तुम्हाला गाडी करून देतो." मी थिएटरच्या दारात उभी राहून फोन लावला.

"बरी हाय मी," माय म्हणाली. "सलाईन लावलंय. डॉक्टरनी पाह्यलं. तुझी जागा पाह्यली गं. वॉर्डाच्या तोंडाला टेबल हाय, खुर्ची हाय. चांगली हाय."

"मी दुपारून निघते."

"काम टाकून येऊ नको. उरकून ये."

आवाज चांगला होता. मी नर्स आहे, आवाजावरून मला कळतं. म्हणजे कळतं असं मला वाटायचं.

कॅम्प उरकला. डॉक्टरांनी गाडी बघितली, पण गाडीवाला जेवायला गेलेला. मला धीर निघेना, समोर आली ती एसटी मी पकडली. मानवतच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले. कापसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, पुढची एसटी लागायची होती. मी मायसाठी मोसंब्या घेत होते तेव्हा वहिनीचा फोन आला. ती नुसती रडत होती. मोसंबीवाला विचारत होता, "अजून टाकू का बाई?" मी त्याला म्हणाले, टाक. का म्हणाले, मला माहीत नाही.

पोचले तेव्हा अजून ऊन होतं. मायला पांढऱ्या चादरीत झाकलं होतं. मी चादर बाजूला करून तिच्या पायावरची सूज बघितली, नखं बघितली, मनगट धरलं. सवयीनं. मग वॉर्डाच्या तोंडाशी ते टेबल दिसलं. खुर्ची रिकामीच होती.

तिथली सिस्टर माझ्यापेक्षा लहान. ती भिंतीला टेकून उभी होती, ॲप्रनवर बाळंतपणाचं रक्त तसंच. म्हणाली, "मॅडम, मी आत होते. बाळाचा हात पुढं आलेला, सोडून येताच येईना. मला एक हाक मारली असती ना कुणी, तर मी मावशीला तरी पळवलं असतं." आणि मग म्हणाली, "आमी तुमचीच वाट बघायलोत. तुमी येणार म्हणून दुसरं कुणी दिलंच न्हाई." तिच्या जागी मी रोज उभी असते. मला कुणाला तरी फाडून खायचं होतं आणि समोर होती ती एक थकलेली पोरगी. मी त्या टेबलावर मूठ आपटली. हात सुजला, बाकी काही झालं नाही.

मला खरं सांगितलं ते शेजारच्या खाटेजवळच्या बाईनं. ती बाई आपल्या सासूजवळ बसलेली होती. मायनं सकाळपासून सगळ्या वॉर्डाला सांगितलं होतं, ती खुर्ची माझ्या लेकीची, माझी लेक इथंच येणार हाय. वहिनीच्या मोबाइलवरचा तो व्हिडिओही दाखवला होता. दुपारी वहिनी डबा आणायला गेलेली असताना तिला दम लागला. ही बाई उठली आणि सिस्टरला हाक मारायला तोंड उघडलं, तर मायनं तिचा हात धरला.

"म्हनल्या, नको. एकली हाय ती पोरगी. बाळंतीन सोडून कशी येईल? उगं सिस्टर सिस्टर करून जीव खाऊ ने मान्सानं. माझी लेक नर्स हाय, मला ठाव हाय. होईल कमी." बाई पदर तोंडाशी धरून सांगत होती. "मंग मी उशी उंच करून दिली. डोळे मिटले त्यांनी. मला वाटलं, झोपल्या."

वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. संध्याकाळच्या फोनवर मी ओकलेला सगळा राग तिनं जपून ठेवला होता आणि शहाण्या माणसासारखी त्याप्रमाणं वागली होती. दुसऱ्या कुणाची माय असती तर बोंब ठोकली असती, सगळा दवाखाना डोक्यावर घेतला असता, आणि जगली असती.

मायच्या जलदानविधीला अप्पा आले. जीप भरून माणसं घेऊन, इतक्या लांब. आमच्या वस्तीत ताडपत्रीवर बसले, आमच्या तांब्यातलं पाणी प्याले, बुद्धवंदना चालू असताना हात जोडून शेवटपर्यंत बसून राहिले. मायला हे बघायला मिळालं असतं तर तिनं पुढचं वर्षभर ह्याच गोष्टी सांगितल्या असत्या. मग ते माझ्याजवळ आले. "माय, आमी तुला अडवलं," मला म्हणाले. अशा वेळी लोक म्हणतात ना, जाऊ द्या हो, तुमचा काय दोष. मला तसं म्हणता आलं नाही. मी म्हणाले, "हो अप्पा. तुम्हीच अडवलं." ते लहान लेकरासारखे रडायला लागले. मी त्यांना गप केलं नाही. पण खरं सांगू? दुसऱ्या कुणावर रागवायचं म्हटलं तर समोर माणूसच दिसत नव्हता. अप्पा निदान आले होते.

त्यानंतर मला लगेच सोडलं. मानवतेच्या दृष्टिकोनातून, असं लिहून सोडलं. रिलिव्हर आली होती का? छे. कुणीही आली नव्हती. म्हणजे सोडता येत होतं तर! ह्या वेळी गाव रस्त्यावर बसलं नाही. मी निघाले तेव्हा मावशी तेवढी स्टँडपर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, आता बाळंतपनं कोन करील?" मी एसटीत चढले.

आता मी इथं आहे, मायच्या त्या खुर्चीवर. आल्यावर महिन्याच्या आतच इथल्या त्या सिस्टरला जिल्ह्याला घेतलं, कारण इथं मी आले होते. असंच असतं. घरी जाते तेव्हा चूल अजून सारवलेली आहे. मी ती पेटवत नाही.

हाकांनी मी आता चिडत नाही. जो ओरडतोय तो जिवंत आहे, त्याला वेळ आहे. मला भीती वाटते ती गप पडलेल्यांची. परवा एक म्हातारी होती, मी लेबर रूममधून बाहेर आले तर ओठ निळसर, छाती भात्यासारखी, आणि हूं की चूं नाही. सून उशाशी बसलेली. ऑक्सिजन लावता लावता मी तिच्यावर तुटून पडले, "हाक मारायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?"

सून घाबरून म्हणाली, "तुमी एकल्याच असताव न सिस्टर. म्हून म्हनलं, कशाला तरास द्यावा."

"द्यायचा त्रास!" मी ओरडले. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. "बाळंतीण असू दे, आग लागू दे, हाक मारायची. समजलं का सगळ्यांना? सिस्टर म्हणून बोंबलायचं!" माझा आवाज फाटला. लोकांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय.

म्हातारीचा रंग हळूहळू परतला. डोळे उघडून तिनं माझ्याकडं बघितलं आणि मास्कच्या आतून म्हणाली, "सिस्टर."

"काय? काय होतंय?"

"काई न्हाई. तुमीच म्हनलाव न, हाक मारा."

मी तिचा हात धरून तिथंच उभी राहिले. तेवढ्यात आतून बाळंतिणीनं हाक मारली.